जुन्या वाड्याच्या माडीवर सागवानी फळ्यांचं फ्लोअरिंग

आमच्या नाशकातल्या वाड्यात माडीवर पोरं धावली की खाली माजघरात ताटात माती पडायची. आजी ताटावर ताट झाकूनच पान वाढायची. कडीपाटाच्या फळ्यांमधल्या फटी रुंदावल्या होत्या आणि वरचा मातीचा थर त्यातून झिरपत होता. शेवटी माडीवरच्या दोन खोल्यांना सागवानी फळ्यांचं फ्लोअरिंग करायचं ठरलं. पहिली खोली बिघडली. दुसरी आज सहाव्या वर्षीही जशीच्या तशी आहे. दोन्ही खोल्यांना लाकूड एकाच गाडीतून आलेलं होतं. फरक पडला तो खालच्या कामाला दिलेल्या दिवसांमुळे आणि काम कुठल्या महिन्यात केलं त्यामुळे. म्हणून इथे फळ्या ठोकण्यापेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तळमजल्यावर सागवानी फ्लोअरिंग करू नका. जुन्या वाड्याच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल दगड-चुन्यातून वर येत राहते, आणि शहाबादी फरशी ती सांधांमधून बाहेर सोडते म्हणून आपल्याला कळत नाही. खात्री करायची असेल तर दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवसांनी उचला. खाली दव जमलेलं दिसलं किंवा फरशी काळपट पडली की समजायचं. शिवाय गंगेजवळच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गल्ल्यांना पुराची भीती आहेच. 2 ऑगस्ट 2016 ला पाणी सराफ बाजारात शिरलं, ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा पाण्यात बसलेलं फ्लोअरिंग पुन्हा सरळ होत नाही. तळमजल्याची शहाबादी घासूनपुसून ठेवा, लाकूड माडीवर न्या.

कडीपाट तपासणं

माडीची जमीन कशी बनली आहे ते आधी नीट समजून घ्या. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर चार ते सहा इंच मातीचा थर आणि त्यावर सारवण किंवा शहाबादी. नवीन फ्लोअरिंगचा सगळा भरवसा कड्या आणि तुळया यांच्यावर आहे.

तपासणी खालून सुरू करा. शिडी, टॉर्च आणि जाडसर स्क्रू ड्रायव्हर एवढं पुरतं. प्रत्येक कडी लाकडी हातोड्याने ठोकत जा. धड लाकूड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं भदभद वाजतं. आमच्या सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, कडीचं मधलं अंग बघून काय करता, टोक बघा. कडी मरते ती भिंतीत." ते खरं निघालं. अकरा कड्यांपैकी तीन कड्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला, केक कापावा तसा. मधे मात्र त्याच कड्या खिळा वाकवतील इतक्या टणक होत्या. कारण वर बघितल्यावर कळलं. त्या भिंतीवरची पन्हाळ वर्षानुवर्षं गळत होती आणि पाणी भिंतीतून उतरून थेट कड्यांच्या टोकाशी थांबत होतं. पन्हाळ आणि कौलं दुरुस्त केल्याशिवाय खालच्या लाकडाला हात लावू नका.

वाळवी आणि भुंगा यांतला फरक ओळखा, कारण उपाय वेगळे आहेत. वाळवी जमिनीतून येते, भिंतीवर मातीच्या नळ्या करते आणि लाकडाच्या आत माती भरून ठेवते. भुंगा लाकडातच राहतो, बारीक गोल भोकं पाडतो, आणि खाली मैद्यासारखा भुसा पडतो. वाळवीसाठी जोत्यापासून उपचार करावा लागतो. उभ्या इमारतींसाठी त्याची पद्धत आयएस 6313 या मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला तसंच करायला सांगा. फक्त माडीवर फवारून वाळवी जात नाही. भुंग्यासाठी भोकांत औषध इंजेक्शनने सोडतात आणि उघड्या लाकडाला दोन हात लावतात.

कडी किती वाकली आहे तेही मोजा. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कडीच्या खालच्या अंगाला लागून दोरी ताणा आणि मध्यावर कडी दोरीला किती खाली दाबते ते बघा. साधा हिशेब असा की कडीच्या लांबीच्या 360 व्या भागापेक्षा जास्त झोल नसावा. दहा फुटी कडीला तो साधारण 8 मिलिमीटर येतो. जुन्या वाड्यात यापेक्षा जास्त झोल मिळेलच, म्हणून घाबरून जाऊ नका, पण तुळईला आडवी भेग दिसली, खांब कलला असेल किंवा महापालिकेने वाडा धोकादायक ठरवून नोटीस दिली असेल तर सुताराचं काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वाड्यात भाडेकरू असतील किंवा भिंत शेजारच्या वाड्याशी सामाईक असेल तर त्यांनाही आधी सांगा. कड्या अनेकदा सामाईक भिंतीत शिरलेल्या असतात.

माती उतरवणं

या कामाला लोक फार हलकं धरतात. दहा बाय बाराच्या खोलीत चार इंच मातीचं वजन जवळपास दोन टन भरतं. म्हणजे ऐंशी-नव्वद घमेली. वीस मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या आणि खालचा प्लाय मिळून त्याच खोलीत अडीचशे किलोच्या आत राहतं. म्हाताऱ्या तुळयांना याहून मोठी मदत दुसरी नाही.

पण माती खणून मधोमध ढीग करू नका. तेवढ्या जागेत अर्धा टन वजन आलं की खालची फळी मोडते. दोन्ही भिंतींकडून मधे, पट्ट्यापट्ट्याने सारखी काढत या आणि घमेलं भरलं की लगेच खाली चौकात न्या. काम सुरू असेपर्यंत खालच्या खोलीत कुणी बसू नये, देवघर असेल तर देव हलवून ठेवा. तोंडाला चांगला मास्क हवा. शंभर-दीडशे वर्षांची माती आहे, तिच्यात उंदरांची बिळंही निघतात.

माती निघाल्यावर आठवडाभर थांबा. भार उतरला की कड्या थोड्या वर येतात. आमच्या एका कडीचा झोल 19 मिलिमीटरवरून 14 वर आला. त्याच दिवशी लेव्हल काढून पाचरी मारल्या असत्या तर आठ दिवसांनी सगळं चुकलं असतं.

माती गेल्यावर एक तोटाही होतो. ती पावलांचा आवाज दाबत होती आणि उन्हाळ्यात वरची धग खाली येऊ देत नव्हती. आवाजासाठी प्लायखाली तीन मिलिमीटरचं कॉर्कचं शीट घालता येतं. मी घातलं आहे आणि खाली आईला फरक जाणवतो. कडीपाटाला खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग मात्र मारू नका. उघडा कडीपाट हवा खातो म्हणून इतकी वर्षं टिकला आहे. तो झाकला की गळती आणि वाळवी दोन्ही दिसायच्या बंद होतात.

कुजलेल्या टोकांच्या कड्या पूर्ण बदलायची गरज नसते. धड भागापासून भिंतीच्या आधारापर्यंत बाजूला नवी सागाची कडी लावून बोल्टने आवळतात. नव्या कडीचं भिंतीत जाणारं टोक चारही बाजूंनी थोडं मोकळं ठेवा, सिमेंटने गच्च चिणू नका. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि ते टोक पुन्हा कुजतं.

लेव्हल

पारदर्शक लेव्हल नळीने चारही भिंतींवर एकाच उंचीची खूण करा आणि त्या खुणेपासून खाली मोजत जा. सगळ्यात उंच जागा सापडली की तीच आपली पातळी. बाकी ठिकाणी कडीच्या वरच्या अंगाला सागवानी पट्ट्या तासून बसवा. फळीखाली नुसत्या पाचरी ठोकून भागवू नका, त्या वाळून सैल होतात आणि पाऊल पडलं की करकरतात. सहा फुटी सरळ पट्टी कुठेही ठेवली तरी तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. जुन्या तक्तपोशीच्या फळ्या धड असतील तर त्या काढू नका. खिळे काढून प्रत्येक कडीवर दोन-दोन स्क्रूंनी आवळा. जुने खिळे गंजून लाकडात सैल झालेले असतात, नव्वद टक्के करकर तिथूनच येते.

सगळी जमीन काटेकोर सपाट झालीच पाहिजे असंही नाही. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग थोडा उतार राहिला तर फ्लोअरिंगला काही होत नाही. खड्डे-उंचवटे मात्र नकोत.

लाकूड, ओल आणि महिना

सागाचा व्यवहार घनफुटात चालतो. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट. तयार वीस मिलिमीटर जाडीसाठी एक इंची कट धरला तर 10 घनफूट. चिरताना, रंधा मारताना आणि जीभ-खाच (एका फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते) काढताना जाणारं लाकूड धरून 13 घनफूट घ्या. पक्कं बिल मागा, आणि माल जंगल खात्याच्या वाहतूक परवान्यावर आला आहे ना तेही विचारा. पाडलेल्या वाड्यातलं जुनं सागवान मिळालं तर मी तेच घेईन. ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवून खिळे काढून घ्या, नाहीतर पातं जातं.

फळीची रुंदी चार इंचांपेक्षा जास्त नको. आणि फळी निवडताना तिचं टोक बघा. वलयं उभ्या रेघांसारखी दिसली तर ती फळी ओलीने कमी हलते. कमानीसारखी आडवी दिसली तर जवळपास दुप्पट हलते.

आता माझ्या पहिल्या खोलीचं सांगते. घरात मुंज होती म्हणून मे महिन्यात घाई केली. ठेकेदाराने माल आणला आणि तिसऱ्या दिवशी भिंतीला भिडवून ठोकला. दिसायला अप्रतिम, फळ्यांमध्ये सुई जाणार नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सात-आठ दिवस झड लागलेली असताना, रात्री खोलीतून कडकड आवाज आला. सकाळी बघितलं तर मधल्या तीन फळ्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या, खालून हात जाईल इतक्या. भिंतीकडची एक फळी करवतीने कापून काढल्यावर बाकीच्या हळूहळू खाली बसल्या, पण जिभा तुटल्या त्या तुटल्याच.

नंतर हिशेब केला तेव्हा सगळं उलगडलं. कमानी वलयांची चार इंची सागाची फळी ओल एका टक्क्याने वाढली की साधारण 0.19 मिलिमीटर रुंद होते. माझ्या ओल मोजायच्या मीटरवर आमच्या माडीत मे महिन्यात लाकडाची ओल 8 टक्के आणि ऑगस्टमध्ये 13 टक्के भरते. पाच टक्क्यांचा फरक म्हणजे एका फळीला जवळपास एक मिलिमीटर. दहा फुटांत तीस फळ्या. म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर लाकूड कुठेतरी जाणारच, आणि आम्ही त्याला जागा शून्य ठेवली होती.

म्हणून नाशकात हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करा. तेव्हा लाकडाची ओल वर्षभराच्या मधोमध असते, 10 ते 11 टक्के. पावसाळ्यात थोडं फुगेल, उन्हाळ्यात थोडं आकसेल, दोन्ही झेपेल. पिन असलेला मॉइश्चर मीटर विकत घ्या किंवा कुणाकडून आणा. माल आला की ज्या खोलीत बसवायचा त्याच खोलीत, थरांमध्ये बारीक पट्ट्या घालून, खिडक्या नेहमीसारख्या उघड-बंद ठेवत किमान तीन आठवडे रचून ठेवा. दहा फळ्यांवर पेन्सिलने आकडे लिहा आणि दर चार दिवसांनी मोजा. आकडा हलायचा थांबला, आणि खालच्या प्लाय-तक्तपोशीच्या आकड्याशी दोन-तीन टक्क्यांच्या आत आला, की लाकूड तयार. दुकानदार "सीझन केलेला माल आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका, मीटर लावा.

माल वर न्यायचा कसा तेही ऑर्डर देण्याआधी बघा. वाड्याचा जिना भिंतीतला, अरुंद आणि वळणाचा. आमच्याकडे सात फुटांपेक्षा लांब फळी वळेना. शेवटी चौकातून दोरीने गॅलरीच्या खिडकीवाटे ओढून घेतल्या.

उंची आणि दारं

वीस मिलिमीटर फळी, बारा मिलिमीटर प्लाय आणि कॉर्क मिळून जमीन सव्वा ते दीड इंच वर येते. मातीचा थर काढला असेल तर जागा भरपूर असते, तरी उंबऱ्याशी ताळमेळ आधीच बसवा. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात, ती लाकडी खुंट्यांवर फिरतात, त्यामुळे खालून तासायची वेळ आली तर अख्खं दार उतरवावं लागतं. जिन्याची शेवटची पायरीही तपासा. बाकी पायऱ्या आठ इंचांच्या आणि शेवटची साडेनऊची झाली की अंधारात हमखास ठेच लागते.

फळ्या बसवणं

तक्तपोशीवर आधी कॉर्क, मग आयएस 710 चा (पाणी सोसणारा मरीन) बारा मिलिमीटर प्लाय. प्लायचे सांधे एका रेषेत आणू नका आणि दोन शीटांमध्ये तीन मिलिमीटर फट सोडा. कडेला सहा इंचांवर, मधे बारा इंचांवर स्क्रू. प्लास्टिकचा कागद अंथरू नका, माडीवर तो ओल अडकवतो. प्लायवर जाड क्राफ्ट पेपर पुरे.

नव्या फळ्या कड्यांना काटकोनात जाव्यात. वाड्याची खोली कधीच काटकोनी नसते, आमच्या खोलीच्या दोन टोकांत अडीच इंचांचा फरक होता. त्यामुळे भिंतीला धरून सुरुवात करू नका. दारातून आत आल्यावर नजर जाते त्या लांब भिंतीपाशी सूत मारा, 3-4-5 च्या त्रिकोणाने (कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट, त्या दोन खुणांमधलं अंतर 5 फूट) काटकोन तपासा, आणि उरलेला फरक दोन्ही बाजूंच्या शेवटच्या फळ्यांत वाटून टाका. आधीच कोरड्या मांडून बघा; शेवटची पट्टी दोन इंचांपेक्षा बारीक येत असेल तर पहिली फळी उभी चिरून घ्या.

चारही भिंतींपासून बारा मिलिमीटर जागा सोडायची. बारा मिलिमीटर प्लायचे तुकडे उभे लावले की माप आपोआप राहतं. काम संपल्यावर ते आठवणीने काढा.

पहिल्या ओळीत जीभ खोलीकडे ठेवा आणि भिंतीकडच्या बाजूने वरून स्क्रू मारा, स्कर्टिंगखाली ते झाकले जातील. त्यानंतरच्या ओळींत स्क्रू किंवा खिळा जिभेच्या मुळाशी, 45 अंशांच्या तिरक्या कोनात, म्हणजे पुढच्या फळीची खाच त्याला झाकते. दर आठ ते दहा इंचांवर एक, आणि टोकापासून दोन-तीन इंचांवर एक. जुना साग ठिसूळ असतो, त्यामुळे टोकाशी आधी बारीक गिरमिट मारल्याशिवाय खिळा घालू नका. फळी भिडवताना थेट जिभेवर हातोडी नको. खाच असलेला एक तुकडा मधे धरून त्यावर ठोका. शेजारच्या दोन ओळींचे टोकाचे सांधे एकमेकांपासून किमान आठ इंच दूर ठेवा. फळ्यांमध्ये फेव्हिकॉल घालू नका, सगळी जमीन एकच पाट होऊन बसते आणि फुगवटा एकाच जागी फुटतो.

शेवटच्या दोन-तीन ओळींत हातोडी मावत नाही, तिथे पुन्हा वरून स्क्रू मारून डोक्यावर सागाची बुचं बसवा. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फ्लोअरिंगला नाही.

घासणं आणि पॉलिश

पॉलिश पेपर 40, मग 60, 80 आणि शेवटी 120 नंबर, रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळला की पॉलिश लागल्यावर ओरखडे उठून दिसतात. सागाची धूळ घसा आणि कातडी खाजवते, मास्क काढू नका.

सागाच्या अंगात तेल असतं आणि त्यामुळे पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) नीट धरत नाही. थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या आणि वाळलं की लगेच पहिला हात द्या. मी मॅट पीयूचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर 220 च्या पेपरने हलकं घासून. ढगाळ, दमट दिवशी पॉलिशचं काम करू नका, पांढरट झाक येते. ज्यांना चकाकी नको आणि दरवर्षी हात फिरवायची तयारी आहे त्यांनी जवसाचं तेल लावावं, पायाला ते फार छान लागतं. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा आणि मग टाका.

पहिलं वर्ष

आठवडाभर जड कपाट ठेवू नका. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, बादलीने पाणी ओतून धुणं कायमचं बंद. माठ आणि कुंड्या खोलीबाहेर, किंवा खाली पाट आणि ताट ठेवून.

पहिल्या ऑगस्टमध्ये एका भिंतीचं स्कर्टिंग सोडवून मागची फट मोजा. बारा मिलिमीटरची पाच-सहा राहिली असेल तर उत्तम. तीनच्या खाली आली असेल तर त्या कडेची फळी थोडी तासून घ्या, तिथेच थांबू नका, भिंत कुठून ओल घेते तेही शोधा. मे महिन्यात फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढ्या फटी दिसतील. त्यांत लांबी (पुट्टी) भरू नका. जुलैत त्या मिटतात, आणि लांबी भरलेली असेल तर तेवढी जागा पुन्हा भिंतीकडे मागतात.